दार लाव!

शाळेच्या टीमबरोबर गावोगाव फिरलं की किस्से आपोआप साचतात. मुलींचे मोजे हरवतात, पाण्याच्या बाटल्या हरवतात, किस्से हरवत नाहीत. आमच्याकडे ते जपून ठेवण्याचं काम सरांचं. सर म्हणजे माझे यजमान, शेलूबाजारच्या आमच्या शाळेत मुलींच्या बास्केटबॉल टीमचे कोच. मी मराठी शिकवते. सर गेले, आणि टीम माझ्याकडे आली.

त्या दिवशी मी तुरीची डाळ निवडत बसले होते. विभागीय स्पर्धा चार दिवसांवर. सना घरच्या लग्नासाठी सुट्टीवर होती; तिच्या भावाचा फोन आला.

"मॅडम, सनाचा गुडघा गेला."

सना आमची सेंटर, टीममधली सगळ्यात दणकट. सगळी टीम तिच्या जिवावर!

"लग्नात नाचत होती का रे?"

"नाई मॅडम. बिर्याणीचं डेग उचलून राह्यली होती. सेंटर हाये म्हणून सारे तिलेच सांगतात ना!"

डाळ तशीच ताटात राहिली.

*

उरली वैष्णवी. इंझोरीची, नववीतली. उंची सनापेक्षाही जास्त, पण ती कमी दिसावी म्हणून कायम वाकून चालणारी. सरांनी तिला हेरलं ते शाळेच्या चिंचेखाली. बाकीच्या मुली दगड मारत होत्या, ही नुसता हात वर करून चिंचा तोडत होती!

तिला सांगितलं, "तू पहिल्या पाचात खेळणार. सनाच्या जागी."

ती म्हणाली, "मॅडम, मी तं पाणी देतो ना!"

*

प्रॅक्टिसमध्ये वेगळीच पंचाईत. कुणाला धक्का लागला की वैष्णवी थांबून "सॉरी ताई" म्हणायची. तोवर बॉल गेलेला!

गुडघ्याला पट्टा बांधून सना खुर्चीवर बसली होती. ती ओरडली, "अवं, सॉरी कायले म्हनतं? जागा धर! एसटीत धरतं तशी धर!"

"एसटीत मी उभीच राह्यतो!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

*

तिच्या वडिलांना, किसनरावांना, शाळेत बोलावलं. ते खुशीत आले.

"बाई, पोरगी म्हणे सेंटर झालं. कोणतं आलं? वाशिम का कारंजा?"

परीक्षेचं सेंटर नव्हे, हे मी सांगितलं. मैदानात बास्केटखाली उभी राहते, ती सेंटर.

त्यांचा चेहरा उतरला. "म्हनजे परीक्षा नाईच?"

"परीक्षाच आहे," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मंग मी येतो संग. जमलं तं ठीक. नाई तं तिथूनच घरी नेतो, अन् मंग खेळ बंद. पोरीचं हसं झालेलं मले पाहावत नाई."

वैष्णवी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

*

इथे सरांचा एक जुना किस्सा सांगायला हवा. बॉल रिंगला लागून परत येतो तेव्हा समोरच्या खेळाडूकडे पाठ करायची, पाय रोवायचे आणि तिला आत येऊ द्यायचं नाही. पुस्तकात याला बॉक्स-आउट म्हणतात. सर म्हणायचे, "दार लाव!"

एकदा अमरावतीच्या हॉलमध्ये ते इतक्या जोरात ओरडले, "दार लाव!", की चौकीदार दचकून उठला आणि त्याने हॉलचं दार लावून घेतलं! वर विचारतो, "कडी लावू का साहेब?"

सर हा किस्सा दर पाहुण्याला सांगत. मी चहा ठेवायला उठले की समजायचं, आता चौकीदार येणार.

*

मॅच त्याच हॉलमध्ये. वैष्णवी पहिल्यांदा उभी राहिली तीच वाकून. हातातून दोन बॉल निसटले. किसनराव दाराजवळच्या खुर्चीत, मांडीवर तिची पिशवी घेऊन बसलेले. निघायच्या तयारीत! मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

शेवटी आम्ही एका पॉइंटने पुढे होतो. काही सेकंद उरलेले, आणि समोरच्या टीमच्या मुलीला एक फ्री थ्रो. हॉल चिडीचूप. अशा वेळी सर ओरडायचे. मी उठले. तोंड उघडलं.

बॉल सुटला, रिंगवर आदळला.

"दार लाव!"

ओरडली वैष्णवी! पाठ ताठ, पाय रोवलेले, दोन्ही कोपरं बाहेर. मागची मुलगी तिच्या पाठीवर आपटली. ही सॉरी म्हणाली नाही. बॉल तिच्या हातात, आणि मॅच संपल्याची शिट्टी वाजली.

आमच्या मुली तिच्यावर तुटून पडल्या. पण दाराकडून वेगळाच गोंधळ ऐकू येत होता. बाहेरून कुणीतरी दणादणा थापा मारत होतं. पुढच्या मॅचची टीम होती ती.

आत किसनराव बंद दाराला पाठ लावून, पाय रोवून, दोन्ही हात पसरून उभे!

"अहो, उघडा ना!" पंच ओरडले.

"पोरीनं लावाले सांगतलं हाये," किसनराव म्हणाले. "ते सांगीन तवाच उघडतो!"

हा किस्सा सरांना सांगायचा राहिला.