घामाने उतरणारं औषध

तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाला सारं असोदा गाव भाऊ म्हणत असे. मीही भाऊच म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मोठ्या जावेला, अक्का. मी जळगावला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून भाऊ मला मास्तरीणबाई म्हणत. तुम्ही त्यांना पाहिलंत ते अगदी लहान असताना, आणि तेव्हा ते बहुतेक वेळ ओट्यावर बसलेले असत. ते आधी कसे होते आणि मग काय झालं, हे मला तुम्हाला नीट क्रमाने सांगायचं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही जळगावच्या एका टोकाला, पिंप्राळ्यात राहत होतो. रविवारी सकाळी तुमचे आजोबा स्कूटर काढत आणि आम्ही शहर ओलांडून असोद्याला जात असू. घरची केळीची बाग होती, पण भाऊंचा जीव कपाशीत. "केळीचं काय, पानी पाजलं की खूश. कपाशीचे नखरे पाहा," असं ते कौतुकाने म्हणत. शेतात गेले की पानं उलटी करून बघत आणि अळी दिसली की घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं तिच्याशी बोलत. "खाय व माय, पोट भरून खाय. उद्या येतो मी पंप घेऊन."

फवारणीला आमच्याकडे औषध मारणं म्हणतात. भाऊ ड्रममध्ये औषध ओतत आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळत. काठी शेजारीच पडलेली असे. सारखं मिसळलं की नाही ते काठीला कळत नाही, हाताला कळतं, असं त्यांचं म्हणणं. पंप पाठीवर घेतला की झाकणातून औषध पाझरत राही आणि दुपारपर्यंत सदरा पाठीला चिकटून जाई. भाद्रपदात कपाशी छातीला लागते. मग निम्मा फवारा झाडावर आणि निम्मा माणसाच्या तोंडावर. नळीच्या टोकात कचरा अडकला तर भाऊ ते टोक तोंडात धरून फुंकत, थुंकत, आणि पुढच्या ओळीला लागत.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, ते विष आहे."

"इष अळीले, मास्तरीणबाई. मी काय अळी हाय?"

यावर सगळा ओटा हसला, मीसुद्धा. भाऊ बोलले की हसू यायचंच.

संध्याकाळी घरी आल्यावरचा कार्यक्रम ठरलेला असे, आणि तो गावातल्या बहुतेक घरांत असे. अंगात गेलेलं औषध घामाने बाहेर पडतं, अशी सगळ्यांची समजूत होती. म्हणून औषध मारून आलेला माणूस आधी अंघोळ करत नसे. त्याच ओल्या सदऱ्यात तो चुलीजवळ बसे, वरून घोंगडी ओढून घेई, गूळ-सुंठीचा कढत काढा पिई आणि घाम सुटायची वाट बघे. घाम सुटला की घरातले निश्चिंत होत. त्या घामावर पाणी घेतलं तर औषध पुन्हा आत पळतं, म्हणून अंघोळ दुसऱ्या दिवशी सकाळी.

अक्का भाकरी थापताना नाकाला पदर लावत. "आंग धुवा ना हो आधी. भाकरीले वास लागू राह्यला."

"लागू दे. पोटातले किडे मरतीन."

"किडे मरतीन, नवरा जगीन ना?"

अशी ही रोजची थट्टा. फवारणीच्या दिवसांत भाऊंचं डोकं दुखे, डोळ्यांपुढे धुरकट दिसे, जेवण जात नसे. ते सगळं उन्हावर ढकललं जाई. आमच्या सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, तेवढंही नशीब नव्हतं. भाऊंना चक्कर आली तर ऊन लागलं म्हणत, आणि तोच माणूस त्याच शेतात झोकांड्या खाऊ लागला तर लोक म्हणत, आज सकाळीच घेऊन आला वाटतं. तो बिचारा माळकरी होता.

हे सगळं घडलं त्या रविवारी सालदार सासुरवाडीला गेला होता. बोंडअळी पडली होती आणि भाऊंना धीर नव्हता, म्हणून दोघांचं काम त्यांनी एकट्याने केलं. आम्ही दुपारचं जेवण उरकून ओट्यावर बसलो होतो, तेव्हा ते नेहमीपेक्षा लवकर परत आले. थेट चुलीजवळ जाऊन बसले. अक्कांनी घोंगडी दिली, काढा दिला. घाम तर आधीच सुटला होता, कपाळावरून टपटप गळत होता. शेजारचे नाना आले. नाना गल्लीतले सर्वांत वडील, केळीचा मोठा व्यापार, भाऊंना बापाच्या जागी. ते समाधानाने म्हणाले, "चांगला घाम आला. बठ्ठं निघून जाईन आता."

पण घाम थांबेना. तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांना धार लागली. भाऊंनी उलटी केली. नाना म्हणाले, तोंडातूनही निघतंय, चांगलं आहे. मग भाऊंच्या दंडाचं मांस कातडीखाली आपोआप थरथरताना मला दिसलं, आणि श्वासाबरोबर छातीतून घुरघुर ऐकू आली, भांड्यात पाणी उकळावं तशी. मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. ते उठलेच होते. नानांचा ट्रक केळीचे घड भरून दाराशी उभा होता. घड बाजूला सारून, केळीच्या पानांवर भाऊंना निजवून आम्ही जळगावला नेलं. अक्का त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पदराने लाळ पुसत होत्या. नानाही पुढे ड्रायव्हरशेजारी बसून आले; नाना नसते तर ट्रक नसता, हे मी आजही विसरत नाही.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी भाऊंचे डोळे उघडून बॅटरी मारली. बुबुळातलं काळं टाचणीच्या टोकाएवढं झालं होतं. मग त्यांनी सदऱ्याचा वास घेतला आणि एकदम ओरडले, "कापा हा आधी! आणि साबण आणा." वॉर्डबॉयने सदरा कात्रीने कापला आणि भाऊंना साबण लावून, केसांपासून नखांपर्यंत, पाण्याने धुवून काढलं. नानांनी डोक्याला हात लावला. "आजारी मानसाले थंड पानी! डाक्तर हाय का कसाई?"

मग इंजेक्शनं सुरू झाली. एक झालं की डॉक्टर छातीला नळी लावत, नाडी बघत, आणि दुसरं देत. हळूहळू भाऊंची लाळ आटली. डोळ्यांचं पाणी थांबलं. आणि घामही थांबला. कपाळ कोरडं झालं, चेहरा लालबुंद झाला, ओठ सुकले. मी शाळेत शिकवत असले तरी डॉक्टर नव्हते; मला ते बरं लक्षण वाटलं नाही, आणि नानांना तर मुळीच नाही.

त्यात भाऊ बोलू लागले. डोळे टक्क उघडे, पण आम्हाला कोणालाच ओळखत नव्हते. अंगावरच्या चादरीतून ते दोन बोटांनी काहीतरी वेचत होते. "अरे, ह्या ओळीतला बठ्ठा कापूस तसाच राह्यला ना! कोनं येचला हा? आंधळ्यानं?" चादरीवरचा तो कापूस मूठभर झाला की ते ओटीत टाकत. डॉक्टर नाडी बघायला वाकले तर भाऊंनी त्यांच्या डगल्याच्या खिशात कापूस भरायला सुरुवात केली. डॉक्टर हलले नाहीत. "भरा आबा, भरा," म्हणाले आणि खिसा पुढे केला.

"दाबू नको रे, पोऱ्हा," भाऊंनी त्यांना दरडावलं, "भाव पडीन."

सिस्टर हसली. मला हसू आणि रडू एकदम आलं. पण नाना हसले नाहीत. त्यांनी आम्हाला बाजूला घेतलं. "डाक्तरनं घाम कोंडला. औषध आता आतमधीच राह्यलं, डोक्यात चढलं. पाहा कसा बरळते. घरी न्या त्याले. घोंगडी टाकू, काढा देऊ, घाम काढू. ट्रक उभा हाय."

डॉक्टरांनी समजावलं. म्हणाले, हा घाम म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे, हेच विषाचं काम आहे. सगळीकडून पाणी सुटतं, तसं छातीतही सुटतं, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. ते पाणी आटवायला ही सुई आहे. बरळणं सुईचं आहे, उतरेल. सुई बंद केली तर हे असोद्याच्या शिवेपर्यंतसुद्धा पोचणार नाहीत. मी तेच पुन्हा नानांना आमच्या बोलीत सांगितलं. नाना म्हणाले, "तुम्ही पुस्तकं वाचेल बाई हाय. मी मानसं वाचवेल हायेत, घाम काढून." आणि त्यांनी खरोखर वाचलेली माणसं नावानिशी सांगितली. तुमचे आजोबा डॉक्टरांच्या बाजूचे होते, पण नानांपुढे त्यांचा आवाज निघेना. शेवटी नाना म्हणाले, "तिले विचारा. नवरा तिचा हाय."

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. हे तुम्हा दूर वाढलेल्या पोरांना कळणार नाही, म्हणून सांगते: थोरांसमोर अक्का कधी भाऊंच्या समोर उभ्या राहत नसत, त्यांच्याशी थेट बोलत नसत. चहासुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवत. त्या अक्का खाटेजवळ गेल्या, नानांच्या देखत वाकल्या आणि भाऊंच्या उघड्या छातीवर कान ठेवला. नानांनी मान फिरवली. भाऊ त्यांच्या केसांतून कापूस वेचत राहिले. अक्कांनी बराच वेळ ऐकलं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

"घुरघुर गेली," त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करून, जमिनीकडे बघत पण मोठ्या आवाजात, "नाना, ट्रक घेऊन जा तुम्ही. घड पिकतीन. आम्ही इथीच हाय."

नाना गेले नाहीत. बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, आणि थोड्या वेळाने आमच्यासाठी चहा घेऊन आले. चहा त्यांनी स्वतः अक्कांच्या हातात दिला.

सुईचा जोर कमी झाला की छाती पुन्हा भरून येत असे. त्यानंतरच्या दिवसांत अक्का घटकेघटकेला कान लावून ऐकत आणि घुरघुर आली की सिस्टरला हाक मारत. सिस्टर म्हणायची, "अक्का, तुम्ही घरी गेलात तर आम्हाला नवं मशीन घ्यावं लागेल." एके सकाळी भाऊंनी डोळे उघडले, छातीवर अक्कांचं डोकं पाहिलं, आणि घाबरून आजूबाजूला बघत पुटपुटले, "व माय, नाना बसेल हायेत ना तिथी!" तेव्हा आम्हाला कळलं, भाऊ परत आले.

पुढच्या हंगामात अक्कांनी घोंगडी घरात येऊ दिली नाही. औषध मारून येणाऱ्याने आधी विहिरीवर जायचं, कपडे तिथेच काढायचे, साबण लावून अंघोळ करायची, मगच भाकरी. सालदार कुरकुरला, "अक्का, हळदीच्या दिवशी बी येवढा साबन लावला नव्हता मी." अक्का म्हणाल्या, "म्हनून तं बायको माहेरी पळते." त्याला चक्कर आली की पंप उतरवून सावलीत बसायला सांगायचं, हेही त्यांनीच सुरू केलं. कापूस वेचायला येणाऱ्या बायका मग आपणहून त्यांच्याकडे येऊ लागल्या. फवारलेल्या शेतात ओणवं राहून हात जळजळतात, डोकं धरतं, मळमळतं, हे सगळं त्या इतकी वर्षं उन्हावर घालत होत्या. अक्का त्यांना हात धुवायला लावत आणि कालच औषध मारलेल्या शेतात मुळीच पाठवत नसत. भाऊंना ते पटे, पण काम अडलं की ते चिडत. तेव्हा अक्का फक्त त्यांच्या पायांकडे बघत.

कारण पाय पूर्ण परतले नव्हते. दवाखान्यातून घरी आल्यावर काही आठवड्यांनी त्यांच्या पोटऱ्या दुखू लागल्या, तळव्यांना मुंग्या आल्या, आणि मग तळवे मुके झाले. डॉक्टर म्हणाले, त्या विषाचं हेही एक काम असतं, मागाहून येणारं. काठी घेऊन ते चालू लागले, पण पंप पुन्हा उचलला नाही. बांधावर बसून ते अळ्यांशी बोलत आणि सालदाराला वारा कुठून आहे ते सांगत.

शेताला मात्र रोज जायचेच. काठी टेकत भाऊ पुढे, अक्का मागे. वाटेत त्यांच्या पायातली चप्पल निघून पडे आणि त्यांना कळतच नसे; एका पायाने अनवाणी ते तसेच पुढे जात, कपाशीबद्दल बोलत. मागून अक्का वाकून चप्पल उचलत, फुफाटा झटकत आणि हातात धरून चालत. बांध आला, ते बसले, की पायात घालून देत. नाना समोरून आले तरी त्यांची चाल बदलत नसे, आणि नानाही आता मान फिरवत नसत.

"वाटेत सांगत का नाही त्यांना?" मी एकदा विचारलं.

"काबरं सांगू?" अक्का म्हणाल्या. "थांबतीन, वाकतीन, पडतीन. चालू राह्यले ना, चालू दे."