शून्य चुकांचा रकाना

आमच्या टीम लीडला मराठी आठवायची ती फक्त चुकीचं काम करून घ्यायचं असलं की. एरवी नोएडाच्या त्या ऑफिसात तो सगळ्यांशी हिंदीत बोलायचा, माझ्याशीसुद्धा. टेबलापाशी वाकून "अगं, ऐक ना" सुरू झालं की माझं डोकं फिरायचं. मी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. घराबाहेर कुणी मराठी बोललं की इतकं बरं वाटायचं. या माणसाने तेही नासवलं.

काम होतं अमेरिकेतल्या बेसबॉलचं. सत्तर वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांतले धावफलक स्कॅन होऊन यायचे, आणि त्यातले आकडे आम्ही शीटमध्ये भरायचे. कुणी किती धावा काढल्या, किती जणांना बाद केलं, आणि एका रकान्यात, E म्हणजे एरर या अक्षराखाली, प्रत्येकाने क्षेत्ररक्षणात किती चुका केल्या. आपल्याकडे झेल सुटला की शिव्या घालून मोकळे. हे लोक त्याच्या नावापुढे लिहून ठेवतात. एका सामन्यात एका खेळाडूच्या नावावर दोन चुका होत्या आणि त्याचा संघ एका धावेने हरला होता. बिचाऱ्याने रात्री काय खाल्लं असेल, असं मला उगीचच वाटत राहिलं.

आमच्या ऑफिसात मात्र एरर म्हणजे टायपिंगची चूक. भिंतीवर 'झीरो एरर'चा बोर्ड होता. लीडने माझी फाइल उघडली, E खाली एक-दोनचे आकडे पाहिले आणि आला वाकायला. क्लायंटला झीरो एरर लागतात, तेव्हा हा रकाना सगळा शून्य कर, म्हणाला. मी दोनदा समजावलं, की या आपल्या चुका नाहीत, त्या खेळाडूंच्या आहेत. त्यावर हसून म्हणाला, "नाकाने कांदे सोलू नकोस. दोन आठवड्यांनी तुझं कन्फर्मेशन आहे ना?"

मग मेल करा, म्हटलं. तर म्हणे, आपल्या माणसांत कसला मेल.

मी केलं शून्य. नोकरी हवी होती, आणि त्याबद्दल मला अजून स्वतःचाच राग येतो. पण शेरा लिहायच्या रकान्यात मुद्दाम मराठीत लिहून ठेवलं, 'सरांच्या सांगण्यावरून E शून्य केला.' हुकूम मराठीत, तर नोंदही मराठीत.

E चे आकडे मूळ धावफलकांशी जुळत नाहीत म्हणून क्लायंटकडून फाइल आठवड्यात परत आली. मॅनेजरने दोघांना बोलावलं. लीडने हिंदीत सगळं खापर माझ्यावर फोडलं. लड़की नई है, अपने मन से कर बैठी, अशा मुलीला पक्कं करायचं का ते बघा. मी एवढंच म्हटलं, की शेरा वाचा.

मॅनेजर मेरठकडचा. अक्षर अक्षर लावत त्याने वाचलं आणि लीडकडे वळला. आप तो मराठी हैं, बताइए क्या लिखा है. लीड म्हणाला, लिहिलंय की सगळं शून्य केलं. मॅनेजरने चष्मा सारखा करून पुन्हा वाचलं.

"'सर' तो हिंदी में भी सर ही होता है," तो म्हणाला.

पुढे फार बोलणं झालं नाही. चूक लीडच्या नावावर चढली, आणि माझं कन्फर्मेशनचं पत्र ठरल्या दिवशी मिळेल, असं मॅनेजरने सांगितलं. संध्याकाळपर्यंत बसून मी रकाना पुन्हा भरला. त्या खेळाडूच्या दोन चुका त्याच्या नावापुढे परत आल्या.

निघताना लीडने मला लिफ्टपाशी गाठलं. बाजूला कुणी नव्हतं. आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, आपल्याच माणसाला असं तोंडावर पाडतात का?"

"सर," मी म्हटलं, "माझ्याशी हिंदीतच बोला."