बायसिकलीची खडखड कशी थांबली

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझी बाजू घ्यायचं काम कुणावर येणार नाही. घरी मी वाढलेलं ताट भिरकावलेलं आहे, कचेरीत दौत फोडलेली आहे, आणि कोलशेतच्या खाडीकाठी एका माणसावर दोनदा हात टाकलेला आहे. त्या माणसाबद्दल आणि एका बायसिकलीबद्दल मला लिहायचं आहे.

ऐन पंचविशीत मी मिठागराच्या कचेरीत कारकून होतो. बिऱ्हाड ठाण्यात नौपाड्याला आणि मिठागर कोलशेतला. जाण्यायेण्यातच दिवस मोडायचा, म्हणून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी बायसिकल मी घेतली. हल्लीसारखी हवा भरलेली चाकं तिला नव्हती. लोखंडी धावेवर भरीव रबराची पट्टी होती, तीही जागोजागी उडालेली. खडीच्या रस्त्याला लागली की भांड्यांची फळी कोसळल्यासारखा आवाज व्हायचा.

आवाजाचं मला काही नव्हतं. लोक बाजूला होत, ते बरंच वाटे. घात करत होते ते हादरे. मुठींतून ते कोपरापर्यंत चढायचे, आणि कचेरीत बोरू धरला की उजव्या हाताच्या बोटांना तासभर मुंग्या. माझी भाकरी मोडी अक्षरावर होती. नव्यानं बदलून आलेल्या अव्वल कारकुनानं एक दिवस माझा कागद सगळ्यांदेखत माझ्या तोंडावर फेकला. "हे अक्षर आहे की झुरळ शाईत बुडवून सोडलंय? होळीपर्यंत हात सुधारला नाही तर दुसरी नोकरी बघा."

आई, बायको आणि दोन विधवा बहिणी त्या बोटांवर जेवत होत्या. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो. "काही दिवस पायीच जावं," बायको म्हणाली. पण जिच्यावरून गावभर मिरवलो, ती टाकून पायी चाललेला मी लोकांना दिसावा, हे मला सोसणार नव्हतं. मुठींना धोतराच्या चिंध्या गुंडाळल्या, बैठकीखाली गोधडीची घडी घातली, चाकांना काथ्याची दोरी आवळली. दोरी दोन दिवसांत तुटली आणि मुंग्या होत्या तशाच राहिल्या.

मिठाची पोती गलबतापर्यंत नेणारा एक आगरी गाडीवान होता, माझ्याच वयाचा. त्याचा एक बैल पांढरा, दुसरा तांबडा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मिठागरातल्या बांधावरची वाट जेमतेम गाडीपुरती. तो मला म्हणाला, "रावसाहेब, येवरा बांध तरी उतरून चाला. तुमच्या गारीच्या आवाजानं माजी जोरी बुजते." मी उतरलो नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं बायसिकलीची मूठ धरली, तेव्हा मी त्याच्या थोबाडीत दिली. ओठातलं रक्त त्यानं पुसलं आणि बाजूला झाला. मी कचेरीचा माणूस होतो.

चार दिवसांनी भरलेली गाडी समोरून येताना दिसली. थांबता आलं असतं. मी मुद्दाम जोर लावला. बैल उधळले आणि गाडी बांधावरून खाली गेली. ठिपक्यांच्या बैलाचे पुढचे दोन्ही पाय जुवाखाली मोडले. तो ओरडत होता आणि गाडीवान आसुडाच्या दांड्यानं मला झोडपत होता. मी खिशातला लोखंडी पाना काढून त्याच्या भुवईवर हाणला. लोकांनी आम्हाला सोडवलं तेव्हा दोघांचेही डोळे रक्तानं भरले होते. बैल दुपारपर्यंत मेला.

गावाच्या रिवाजाप्रमाणे मेलेला बैल कातडं कमावणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला. होळी आठ दिवसांवर आली होती आणि माझी बोटं आता मारानंही सुजली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून मी त्या म्हाताऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "ढोलकी मढवतात तसं ओलं कातडं चाकावर ताणून शिवा. सुकलं की घट्ट बसंल. केस वर ठेवा, म्हणजे आवाज मरंल." त्याच्याकडे मिठात घातलेलं एकच कातडं होतं. कुणाचं ते त्यानं सांगितलं नाही. मला ठिपके दिसत होते.

मी म्हणालो, "काप."

तेव्हा मला वाईट वाटलं नाही. उलट गाडीवानाची जिरली असं वाटून गंमत वाटली, हे लिहून ठेवलं पाहिजे. आमच्या घरात चामड्याच्या वहाणा उंबऱ्याच्या आत येत नसत. त्या घरातला मी ओल्या कातड्याच्या पट्ट्या मांडीवर घेऊन शिवत बसलो.

तीन उन्हांत कातडं सुकलं. बायसिकल गादीवरून चालल्यासारखी चालू लागली. मी कचेरीत जाऊन बोरू धरला आणि पहिली ओळ सरळ उमटली. मला रडू येईलसं झालं.

दोन दिवसांनी बांधावर गेलो. माझी चाहूल कुणालाच लागली नाही. एका बैलावर गाडी चालत नाही, म्हणून गाडीवान पोती डोक्यावरून वाहत होता. पांढरा बैल गाडीला बांधलेला होता. त्यानं नाक वर केलं, दोर पुरेल तेवढा पुढे आला आणि माझं पुढचं चाक चाटायला लागला. मग त्यानं जो आवाज काढला तसा मी कुठल्या जनावराचा ऐकलेला नाही. खुरांनी माती उकरत त्यानं दोर तोडला आणि शिंगं चाकात घातली.

मी पाना काढून त्याच्या नाकाडावर मारला. पुन्हा मारला. पोतं टाकून गाडीवान धावत आला. चाकाकडे बघून तो जागीच थांबला. ठिपके त्यानं ओळखले, मला ते त्याच्या तोंडावर दिसलं. मला वाटलं, आता हा मला मारणार.

"नका मारू त्याला," तो म्हणाला. "जोरीदाराला वलखलाय त्यानं."

मी तिसऱ्यांदा पाना उगारला. बैलाला मार बसू नये म्हणून तो मध्ये शिरला, आणि बैल माझ्यावर येत होता. शिंग त्याच्या पोटात गेलं. चाकावर रेटून बैलानं त्याला दोनदा उचललं. ठाण्याच्या डॉक्टरकडे नेताना तो वाटेतच गेला.

कचेरीला अहवाल हवा होता. जवळून पाहिलेला मीच, म्हणून अव्वल कारकुनानं कागद माझ्यापुढे सरकवला. बैल मूळचाच मारका होता आणि मालकानं कच्च्या दोराला बांधला होता, असं मी लिहिलं. कातड्याचं काही लिहिलं नाही. त्या कागदावरून शिपायांनी गाडीवानाच्या बायकोच्या दारातून बैल नेला आणि त्याला गोळी घातली.

लिहिताना माझ्या बोटांना मुंग्या नव्हत्या. एकही रेघ हलली नाही. अव्वल कारकुनानं कागद उजेडाकडे धरला आणि अक्षर कसं असावं ते दाखवायला सगळ्या कारकुनांत फिरवला.