सीट कव्हरखाली गेलेले पट्टे

मंडळी, आज वसईत नवी गाडी बघायला गेले आणि डोकं तापवून घरी आले.

सोबत मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. नात मागे बसणार. तिची छोटी सीट पट्ट्यानेच बांधावी लागते, म्हणून मी डेमोच्या गाडीत मागचा पट्टा शोधायला लागले. सापडेना. जाड सीट कव्हर चढवताना तो चक्क खाली दाबून टाकला होता!

"कव्हर आमच्याकडून फ्री आहे मॅडम," सेल्समन म्हणाला. "आणि मागे पट्टा लावतं कोण?"

"आई, कव्हर काढलं तर नवी सीट खराब होईल ना," मुलगा म्हणाला.

"सीट दुसरी मिळेल. पोरगी मिळेल का रे?"

सून म्हणाली, "मी घेईन की तिला मांडीवर."

"जोरात ब्रेक लागला तर तुझे हात पुरतील, अनघा?"

तीही मग पट्टा शोधायला वाकली. मुलाचा हात मात्र बुकिंगच्या पेनाकडे! शेवटी मीच सेल्समनला म्हटलं, "कव्हर काढा, नाहीतर आम्ही निघालो." त्याने कुरकुरत काढलं. खालचे पट्टे अजून प्लास्टिकमध्येच होते.

शिकलेली माणसं आपण, गाडी घेताना आधी रंग आणि टेप बघतो.

तुमच्या गाडीतले मागचे पट्टे कुठे आहेत? खाली जाऊन बघा आणि खरं काय ते इथे लिहा.