चढवलेली पट्टी

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आज लिहितो आहे. गडमुडशिंगीच्या यात्रेत आमच्या ऑर्केस्ट्रात गाताना एका सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज फाटला, आणि त्यानंतर ती कित्येक वर्षं गायली नाही. तिच्या आवाजाला काही झालं नव्हतं. पट्टी मी चढवली होती.

पार्टी माझी. कीबोर्ड मी वाजवायचो, निवेदनही मीच करायचो. बाकी ऑक्टोपॅड आणि काँगो, म्हणजे सूर धरणारा मी एकटाच. मुलगी कसबा बावड्याची. तिचे अब्बा गाड्यांच्या सीटा शिवायचे. स्कूटरवर मागं बसवून तिला आणायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत स्टेजच्या पायरीशी बसून राहायचे, मांडीवर तिचा स्वेटर घेऊन. ती काळी चार पट्टीत गायची. मटण-भाकरीनं पेंगुळलेली यात्रा तिच्या पहिल्या ओळीला सावरून बसायची. कार्यक्रमाची सुपारी द्यायला येणारे लोक "त्या पोरीची पार्टी तुमचीच न्हवं?" असं विचारायचे. मी हसून हो म्हणायचो. घरी गेल्यावर ते हसणं मला टोचायचं.

त्या यात्रेला पुण्याहून एक संगीतकार गृहस्थ खास तिला ऐकायला येणार होते. अब्बांनीच मला आदल्या दिवशी ते आनंदानं सांगितलं. ती गेली तर मला कोण विचारणार, हे मला त्याच क्षणी कळलं.

कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटण असतं. बोटं तीच ठेवायची, सूर वर सरकतो. तिच्या शेवटच्या गाण्याआधी, तिचं कौतुक करता करता, मी ते दोनदा दाबलं. हात चुकून लागला नव्हता. मुखड्यात तिला कळलं नाही. गाणारा माणूस वाद्यावर विसंबून सूर घेतो. अंतऱ्यात वरची जागा आली आणि आवाज फाटला. मागून पोरं ओरडली, "कोंबडं आरवलं की रं!" तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून वाजवत राहिलो.

स्टेजमागं अब्बांनी विचारलं, पोरीचं काय चुकलं? निदान तिथं तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, या वयात आवाज बिघडतो, काही वर्षं गाणं बंद ठेवा, नाहीतर गळा कायमचा जाईल. स्वेटरच्या बाह्यांत हात घालत ती शेजारीच ऐकत होती. पुण्याचे गृहस्थ चहा न घेताच गेले. पुढच्या हंगामात आमची पार्टीही मोडली. तिच्याविना आम्हाला बोलावतंय कोण?

आता मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. लग्न, मूल झाल्यावर ती पुन्हा गायला लागली आणि नावारूपाला आली, हे कानावर होतं. तिची गाणी ऐकणं मी टाळत होतो. मध्यंतरी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या ऑपरेटरनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "ऐका की, आपल्या बावड्याची हाय."

संथ गाणं होतं. त्यात ती स्वतःच्याच सोळाव्या वर्षाला भेटायला जाते. स्टेजमागं रडत बसलेल्या मुलीशेजारी बसते आणि म्हणते की तुझा आवाज फाटला म्हणून इतकी वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, चल, आता माफ केलं तुला. बसमधल्या दंगेखोर पोरांनीही माना वळवल्या होत्या. मी खिडकीकडं तोंड केलं. ज्याची माफी चालली होती, ते त्या पोरीनं केलंच नव्हतं.

रविवारी बावड्याला गेलो, सांगायचंच असं ठरवून. अब्बा थकलेत, पण शिवणकाम सुटलेलं नाही. मला बघून त्यांनी मशीन थांबवलं, चहा मागवला, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "मास्तर, तुमचं लई उपकार हाईत बघा. तुमी तवा येळंवर सांगितलंसा, म्हणून पोरीचा गळा वाचला."

"तसं न्हाय ते," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"ऱ्हाऊ द्या. भल्या माणसाला आपलं भलंपण दिसत न्हाय."

आणि त्यांनी तिला फोन लावून माझ्या हातात दिला. ती खरंच आनंदली. मुलाबाळांची चौकशी केली, पार्टीतल्या बाकीच्यांची केली. मग तिनं विचारलं, "मास्तर, गाणं ऐकलं असेल तर खरं सांगा. वरची जागा लागलीय ना नीट? बाकीचे छानच म्हणतात. तुम्ही म्हणाल ते खरं."

अब्बा कौतुकानं माझ्याकडं बघत होते.

"लागलीय," मी म्हणालो. फोन परत दिला, चहा संपवला आणि निघालो.

अब्बांनी मानलेले, माझे नसलेले उपकार मला त्यांना परत करायचे आहेत. आणि तिला सांगायचं आहे की त्या संध्याकाळी ती बरोबर गात होती. दोन्ही अजून राहिलं आहे.