आराशीतली किल्ली

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फोन आला तेव्हा मी पेपर तपासत बसले होते. फोन डोंबिवलीहून, नलूवहिनींचा. त्यांना आडून आडून बोलता येत नाही. "शुभा, आपली मलेशिया गेली गं," एवढंच म्हणाल्या. मानपाडा रोडजवळच्या आमच्या बिल्डिंगीत सुलभावहिनींना सगळे मलेशिया म्हणत. आधी टोमणा म्हणून, मग सवय म्हणून. शेवटी शेवटी तर त्या स्वतःच फोनवर "मलेशिया बोलतेय" म्हणायच्या. दुपारी जेवून जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. पन्नाशी नुकती ओलांडली होती. आता महिना उलटून गेलाय. मी ठाण्यात राहते, शिकवते, घर चालवते, आणि एवढ्या दिवसांनी मला त्यांच्याबद्दल धड वाक्यं लिहिता येतील असं वाटतं.

आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं. वडील एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामगार. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, तीही अर्थशास्त्र घेऊन, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. सुलभावहिनी समोरच्या दाराला राहायच्या. त्यांचे यजमान अनंतदादा केमिस्ट. ऐंशीनंतर लवकरच ते मलेशियात गेले, पामतेल शुद्ध करायच्या कारखान्यात. वहिनी इथे दोन लहान मुलांना घेऊन. त्यांच्या शेजारच्या दाराला नलूवहिनी, त्यांचे प्रभाकरभाऊ कुवेतला तेलाच्या रिफायनरीत इलेक्ट्रिशियन. समोरच्या बिल्डिंगीतल्या एका काकूंचा मुलगा अमेरिकेत. तेव्हा आमच्याकडे जगाचा नकाशा सोपा होता. अमेरिका म्हणजे मान, आखात म्हणजे पैसा. मलेशिया म्हणजे काय ते मात्र कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. जवळच्या भोपर गावाहून मासळी घेऊन येणारी मावशी पाटी उतरवता उतरवता हसायची, "तुमी समदीच भायरशी आलेली, आनि आता आनखी भायेर चाललाव." तिच्या सासऱ्यांची शेतं जिथे होती तिथे आता माझे वडील कामाला जात होते, तेव्हा तिला बोलायचा हक्कच होता.

कोण कुठे किती सुखात आहे हे ठरायचं चैत्रात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पायऱ्या रचून, वर साडी पसरून आरास करायची, गौर पाळण्यात बसवायची, पुढे लाडू-चकल्या, कलिंगडाचं कमळ. आमच्या घरात ही रीत नव्हती, बिल्डिंगीत राहायला आल्यावर आईने ती उचलली. पण खरी बघायची गोष्ट असायची ती म्हणजे आराशीत फराळाच्या आजूबाजूला मांडलेलं 'तिकडचं' सामान. नलूवहिनींकडे कॅसेटचा टू-इन-वन, अत्तराच्या बाटल्या, सोनेरी काठाचे कप, आणि गौरीच्या खालच्या पायरीवर घडी घातलेलं जाड ब्लँकेट, मे महिन्याच्या तोंडावर. अमेरिकावाल्या काकूंकडे मुलाचा मोटारीला टेकून काढलेला फोटो. बायका आंब्याची डाळ खात खात हे सगळं डोळ्यांनी जोखायच्या, आणि त्यावरून त्या त्या घराच्या परदेशी माणसाचं कसं चाललंय ते ठरवायच्या. सुलभावहिनींच्या आराशीत लाकडाची एक छोटी होडी असायची, अननसाच्या वड्या असायच्या... बास. "मलेशियातून एवढंच का हो?" असं कुणीतरी दरवर्षी विचारायचं. पुढे पुढे तर जिन्यात कुजबुजही सुरू झाली, की तिकडे त्यांनी दुसरं घर केलं असेल. वहिनींच्या कानावर ते येत होतं. तरी त्या ओटी भरताना हात आखडत नव्हत्या.

अशात एका वर्षी प्रभाकरभाऊ रजेवर आलेले असताना त्यांनी बातमी आणली, की त्यांच्या रिफायनरीत केमिस्टची जागा आहे, अनंताला कळवा. पगार मलेशियापेक्षा पुष्कळ जास्त. अट एकच, त्या जागेवर बायकामुलं नेता येत नव्हती. उलट मलेशियाच्या कारखान्याने अनंतदादांना सांगितलं होतं की घरभाडं देऊ, कुटुंब आणा. अनंतदादांनी वहिनींना कळवलं, तू सांगशील तसं करतो. आता याला मोठेपणा म्हणायचा की जबाबदारी टाकणं, यावर आई आणि वहिनींचं थोडं वाजलंही. पण निर्णय येऊन पडला तो वहिनींच्या ओट्यावर. कुवेत निवडलं तर गावच्या घरावर स्लॅब पडेल, मुलांची इंजिनिअरिंगची सोय होईल, जिन्यातली तोंडं बंद होतील आणि नवरा वर्षातून एकदा दिसेल. मलेशिया निवडलं तर सगळं गुंडाळून मुलांसकट अनोळखी देशात, आणि परत येऊ तेव्हा हात रिकामे असतील अशी भीती. सासरे गावाहून येऊन कुवेतच्या बाजूने बोलून गेले. माहेरचेही तेच म्हणाले.

वहिनींनी मला विचारलं. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. "तू शिकलेली आहेस नं, मग सांग. लाजू नको." मला लाजायचं काही कारण नव्हतं. मी नीट विचार करून सांगितलं, कुवेत. आखातातला माणूस तिकडे खर्च करत नाही, सगळं घरी पाठवतो. मलेशियात संसार थाटला की मिळेल ते तिथेच संपणार. कायमचं राहायला ना कुवेत देणार ना मलेशिया, मग जिथून जास्त घेऊन परतता येईल तिथे जावं. माझा हिशोब तेव्हा बरोबर होता आणि आजही मी तो मागे घेत नाही.

वहिनींनी ऐकून घेतलं. शेंगा सोलत होत्या. मग म्हणाल्या, "डोंबिवलीत काय येऊन पडेल ते तू बरोबर मोजलंस. तिकडे माणूस कसा राहतो ते?"

"ते इथे बसून मला कसं कळणार?"

"मलाही नाही कळत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर अडलंय."

त्या चैत्रात अनंतदादांच्या कारखान्यातला एक माणूस सुट्टीवर आला आणि एक पाकीट देऊन गेला. आत एक किल्ली. अनंतदादांनी कारखान्याजवळ घर भाड्याने घेऊन ठेवलं होतं, त्याची. आलीस तर ही तुझी, नाही आलीस तर घरमालकाला परत करीन, असा निरोप. दुसऱ्याच दिवशी वहिनींकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी काय करावं? ती किल्ली लाल दोऱ्यात ओवून आराशीत मांडली, बरोब्बर मधल्या पायरीवर, लाडवांच्या आणि कलिंगडाच्या मध्ये. बायका आल्या, वाकून बघू लागल्या. अमेरिकावाल्या काकूंनी विचारलं, या वर्षी मलेशियातून काय आलं? "किल्ली," वहिनी म्हणाल्या आणि पन्ह्याचा पेला पुढे केला. जिन्यात मग हसू फुटलंच. कुणी म्हणालं कुलूप पुढच्या वर्षी येईल. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

बायका पांगल्यावर संध्याकाळी नलूवहिनी आणि प्रभाकरभाऊ पन्हं प्यायला आले. मी आणि आई भांडी आवरायला थांबलो होतो. प्रभाकरभाऊंनी किल्ली उचलून बघितली, परत ठेवली. मग वहिनींनी त्यांना अगदी साधेपणाने विचारलं, "भाऊ, तुमच्या खोलीत किती जण झोपता?"

भाऊ हसले. "मोजलं नाही हो वहिनी. पाळ्या असतात. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच खाटेवर. गादी कधी गार होत नाही."

नलूवहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मला कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू ब्लँकेटचा रंग विचारलास."

हे ते चिडून बोलले नाहीत. उलट थट्टेतच बोलले. पण आईने उगाच घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं... पावसाळ्याआधी सुलभावहिनी दोन्ही मुलांना घेऊन मलेशियाला गेल्या. गावच्या घरावर कौलंच राहिली.

तिथून त्या काही वर्षांनी एकदा येत. बिल्डिंगीतल्या बायका काय आणलं ते बघायला जमायच्या, मी मात्र त्यांना बोलतं करायला जायची. तोवर मी एम.ए. करून शिकवायला लागले होते. मी विचारायची, तिकडचे आपले लोक कसे आहेत, आखातातल्यांपेक्षा बरे का? तर त्या माझ्यावर डाफरायच्या. "आपले म्हणजे कोण गं?" मग सांगायच्या. शेजारीण तमिळ, तिचा आजोबा रबराच्या मळ्यात मजूर म्हणून आलेला. तिचा मुलगा बँकेत नोकरीला, पण सख्खा भाऊ अजून मळ्यातच, कारण मळ्याचं घर सोडलं तर राहायचं कुठे. घरमालक चिनी, त्याचाही आजोबा बाहेरून आलेला, आज त्याची चार दुकानं. समोर नवी इमारत बांधणारे मजूर इंडोनेशियाचे, पोलिसाची गाडी दिसली की परांचीवरून उतरून नाहीसे होणारे. "आणि त्यात आम्ही. कारखान्याने बोलावलेले, भाडं देऊन ठेवलेले. सगळेच बाहेरचे. पण कोण कधी आला, कुणी बोलावलं आणि बरोबर कुणाला आणू दिलं, यावर सगळं ठरतं बघ. मलेशियातले म्हणून एक भाव नको लावूस." मी वर्गात स्थलांतर शिकवते तेव्हा याच तीन प्रश्नांनी सुरुवात करते. पुस्तकातली आकडेमोड त्याच्यानंतर.

पुढे काय झालं ते सगळ्या बिल्डिंगीने पाहिलं. नव्वद साली कुवेतचं युद्ध झालं आणि प्रभाकरभाऊ अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. जिन्यात लगेच वारं फिरलं, मलेशियाच शहाणी ठरली. पण भाऊ वर्ष-दीड वर्षाने पुन्हा गेले, या वेळी मस्कतला, आणि परतले तेव्हा मानपाडा रोडवर दुकानाचा गाळा आणि वर दोन फ्लॅट. मग सत्त्याण्णवनंतर मलेशियाचं चलन कोसळलं, अनंतदादांच्या कारखान्याने माणसं कमी केली, आणि ते कुटुंब परत आलं ते त्याच जुन्या वन रूम किचनमध्ये. मुलगा तिकडेच शिकला, नोकरीला लागला, तो तिकडेच राहिला. मुलगी मंजिरी बरोबर आली. जिन्याने पुन्हा बाजू बदलली. मी वहिनींना भेटायला गेले तेव्हा त्याच म्हणाल्या, "तुझं बरोबर आलं गं. नलूकडे बघ आणि आमच्याकडे बघ."

मी म्हटलं, "मग पस्तावलात?"

त्यांनी जरा विचार केला. उगाच काहीतरी थोर बोलायची सवय त्यांना नव्हती. "गावच्या घराचं वाईट वाटतं," म्हणाल्या. "मामंजी त्या गळक्या कौलांखाली गेले. ते माझ्यामुळे, असं अजून वाटतं. बाकी... मंजिरी तिच्या बाबांशी भांडते ते ऐकलंस? कशी तोंडाला तोंड देते. नलूचा मुलगा बापाला अहो-जाहो करतो आणि आतल्या खोलीत निघून जातो. भाऊ त्याला पाहुण्यासारखेच वाटतात अजून." एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. नलूवहिनी त्यांची मैत्रीण होती, तिच्या घरातलं त्या जास्त उगाळत नसत.

परतल्यावर वहिनींनी एकच हट्ट केला. तिकडे घरमालकाकडे गोल टेबलाभोवती सगळे एकदम जेवायला बसत, तसं टेबल त्यांना हवं होतं. आमच्याकडे पुरुषांची पंगत आधी आणि बायका मागाहून, ही गोष्ट त्यांना आता मानवत नव्हती. त्या एवढ्याशा खोलीत गोल टेबल म्हणजे वेडेपणा, असं अनंतदादांपासून सगळ्यांनी सांगितलं. वहिनींनी मानपाड्याचा सुतार घरी बोलावला आणि खोलीतच ते बनवून घेतलं. बनल्यावर लक्षात आलं की ते दारातून बाहेर जाणार नाही. सुतार खजील झाला. वहिनी म्हणाल्या, बाहेर न्यायचंय कुणाला?

परवा मी वहिनींच्या घरी गेले होते. अनंतदादा जागा विकून मुलीबरोबर घोडबंदर रोडला नव्या इमारतीत जायचं म्हणत होते. सामान हलवणारा माणूस येऊन सगळं बघून गेला होता. टेबल कापूनच काढावं लागेल, असं सांगून गेला. आम्ही बोलत होतो तोवर संध्याकाळ झाली आणि दार न वाजवता प्रभाकरभाऊ आत आले, हातात नलूवहिनींनी दिलेला वालाच्या बिरड्याचा डबा. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, आता मिशा फुटलेला. वहिनी गेल्यापासून बापलेक रोज संध्याकाळी इथेच जेवतात, मंजिरीने मला नंतर सांगितलं. नलूवहिनीही हातातलं आवरून येतात. मुलगा बापाच्या शेजारी बसला. तिथे दुसरीकडे बसायला जागाच नाही. मीठ कमी आहे, म्हणाला. भाऊ म्हणाले, मग तूच करत जा उद्यापासून. त्यावर तो चक्क उलटून बोलला, अहो-जाहो न करता.

अनंतदादा ताटं मांडता मांडता थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घोडबंदरचं राहू दे आत्ता. तूही बस, सरकून घे थोडी."