सात लोट्यांचा डबा

काशम्मा वैरागहून सोलापुरात आली ती पोटासाठी. एकतीस साली एका शाळेच्या नव्या खोल्यांवर सिमेंटचा स्लॅब ओतायचा होता, तिथं ती पाणी वाहायची. सोळा वर्षांची लेक जगदेवी जोडीला.

पहिल्याच दिवशी ईश्वरप्पा मिस्त्रीनं रॉकेलचा रिकामा डबा खडीनं भरला आणि काशम्माला वरून पाणी ओतायला लावलं. खडीच्या फटींत जेवढं पाणी मावेल, तेवढाच सिमेंट-वाळूचा माल लागणार, हा त्याचा हिशेब. सात लोट्यांत पाणी काठाला आलं. त्यानं सात लिहिले आणि पाठ फिरवली. डब्यातून बुडबुडे मात्र येतच होते.

काशम्मानं ते बघितलं. घागर उपडी दाबली की आतला वारा अडतो, ती भरत नाही, हे विहिरीवरच्या पोरीलाही ठाऊक. पण मिस्त्रीला शिकवायचं कुणी? ती घागर उचलून पाण्याला गेली.

स्लॅब ओतून झाला. ती रोज त्यावर पाणी मारी. सावलीला म्हणून कधी त्याखाली बसली नाही.

तीन आठवड्यांनी स्लॅबखालचे टेकू काढायची वेळ आली. मिस्त्री म्हणाला, "जगे, तू बारीक हाईस. शिर आत."

जगदेवी हातोडा घेऊन आत गेली. काशम्माच्या हातातली घागर पडली. धावत जाऊन तिनं लेकीसमोरच्या टेकूला मिठी मारली.

"भाईर चल, पोरी!"

"अव्वा, लोक हसत्यात की!"

"काशम्मा, पोर साखरेची हाय व्हय तुझी?" मिस्त्री ओरडला.

"डब्यातला वारा निघाला न्हवता, मिस्त्री! माल कमी पडलाय."

"घ्या! आता पाणीवाली गणित शिकवणार."

काम बघायला आलेले ओव्हरसियर कमलाकरपंत मात्र हसले नाहीत. त्यांनी डबा आणवला. काशम्मानं आधी पाणी घातलं, मग मूठमूठ खडी सोडली. डबा काठोकाठ भरला तेव्हा साडेआठ लोटे पाणी मावलं होतं.

पंतांनी स्लॅबखालची कडेची एक फळी सरकवून वर सळई खुपसली. सुटी खडी भसाभस खाली आली.

"पोरीला आधी बाहेर काढा," ते हळूच म्हणाले.

"बघितलं होतंस, तर तवाच का न्हाय बोललीस?" मिस्त्रीनं विचारलं. काशम्मा लेकीचे दंड चाचपत होती.

पुढं कुठल्याही कामावर बुडबुडे थांबेपर्यंत ती मिस्त्रीला आकडा लिहू देत नसे. जगदेवी रुसायची, भांडायची. तरी आईनं तिला पुन्हा टेकूखाली जाऊ दिलं नाही.